दारातली गाडी, मुलीची फी आणि 24 हजारांची घाई

सांगलीवाडीच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: 2012 च्या दसऱ्याला घेतलेली वॅगन आर 2021 च्या महापुरात बुडाली. दुरुस्त करून पुढे चालवली, पण आता इंजिन सीझ झालंय आणि वर्षभर गाडी दारात उभी आहे. विमा संपलेला. कर्ज 2017 मध्ये फिटलं, तरी आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच. गॅरेजवाला 48 हजार खर्च सांगतो, चालू झाली तर लाखभर येतील म्हणतो. भंगारवाला 24 हजार रोख देऊन उद्याच उचलायला तयार आहे. कोल्हापूरचा एक एजंट 35 हजार द्यायला तयार आहे, फक्त मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून द्यायच्या, ‘पुढचं आम्ही बघतो’. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे 60 हजार बारा दिवसांत भरायचे आहेत, हाताशी 38 हजार आहेत. दीड लाखाची मुदत ठेव आहे, ती मोडायची नाही. बायको म्हणते, आपली पहिली गाडी आहे, दुरुस्त करू. काय करावं?

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रात एक आकडा लिहायचा राहिलाय. 60 मधून 38 गेले, म्हणजे तुम्हाला 22 हजार कमी पडतात. भंगारवाला देतोय 24. तो भाव तुम्हाला पटतोय, कारण फीचा खड्डा त्यात नेमका बुजतो. गाडीची किंमत काय, हा विचार त्यात कुठे झालेलाच नाही. म्हणून आधी फी आणि गाडी हे दोन विषय वेगळे करू.

फीसाठी ठेवतारण कर्ज घ्या, म्हणजे मुदत ठेव बँकेकडे तारण ठेवून मिळणारं कर्ज. ठेव मोडायची नाही हे तुमचं बरोबरच आहे, आणि इथे ती मोडत नाही, तिचं व्याजही चालू राहतं. बँका सहसा ठेवीच्या व्याजदरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. 9 टक्के धरले तर 22 हजारांवर महिन्याला 165 रुपये व्याज होतं. गाडी विकायला दोन महिने लागले तरी 330 रुपये. एवढ्या पैशांत तुम्हाला शांतपणे सौदा करायला वेळ मिळतो. गाडीचे पैसे आले की पहिल्यांदा हे कर्ज फेडून टाका.

आता एजंटच्या 35 हजारांबद्दल. गाडी आहे तशी घेणाऱ्या दोघांत हीच रक्कम मोठी दिसते, आणि मला सगळ्यात जास्त भीती याच प्रस्तावाची वाटते. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन गाडी गेली, तरी आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच राहता. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण हे फॉर्म महिनोन् महिने एजंटच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात. मधल्या काळात तीन हात बदललेली गाडी कुणाच्या अंगावर गेली, तर भरपाईचा दावा नोंदणीवरच्या मालकावर येतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात हे स्पष्ट केलंय: नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार. तुमच्या गाडीला विमा नाही. अपघातात माणूस गेला तर अशी भरपाई लाखांत जाते, आणि विमा कंपनीच नसल्यावर ती तुमच्या घरादारावर येते. 35 हजारांसाठी हा धोका घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

माझ्या वडिलांनी जुनी स्कूटर ओळखीतल्या माणसाला अशीच विश्वासाने दिली होती. चार वर्षांनी परजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला, कारण चोरीच्या एका प्रकरणात ती सापडली होती. वडिलांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, तरी सत्तराव्या वर्षी त्यांना तीन खेपा घालाव्या लागल्या.

तरीही एजंटला लगेच नाही म्हणू नका, त्याला एक प्रश्न विचारा. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम केले. आरटीओचं अधिकारपत्र असलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरता येतो, आणि त्यानंतर जबाबदारीच्या दृष्टीने मालक तो डीलर मानला जातो. ‘तुमचं अधिकारपत्र दाखवा, 29सी भरू आणि पैसे खात्यावर टाका,’ एवढंच म्हणा. तो तयार झाला तर 35 हजार चांगला भाव आहे, घ्या. टाळाटाळ केली तर विषय संपवा.

भंगारवाल्याच्या बाबतीतही अडचण नावाचीच आहे. तो गाडी तोडेल, पण नोंदणी रद्द होणार नाही. चॅसिस नंबर आणि आरसी बाहेर शाबूत राहिले, तर तेच कागद चोरीच्या गाडीला चढवले जाऊ शकतात. त्यापेक्षा सरकारमान्य वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्राकडे चौकशी करा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते. गाडी घरून नेतात का, आणि नेण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारून घ्या. केंद्र सरकारच्या धोरणात भंगाराची किंमत त्याच प्रकारच्या नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या साधारण 4 ते 6 टक्के धरली होती. नवी गाडी साडेपाच लाखांची धरली तर हे 22 ते 33 हजार होतात. प्रत्यक्ष भाव वजनावर आणि लोखंडाच्या बाजारावर ठरेल. पैशांबरोबर गाडी मोडीत दिल्याचं ‘ठेव प्रमाणपत्र’ही मिळतं. पुढे नवी गाडी घेतलीत तर त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करातही सवलत मिळते. तुम्हाला गाडी घ्यायची नसेल तर ते दुसऱ्याला विकता येतं. मोडीत काढणाऱ्या केंद्राचा भाव भंगारवाल्यापेक्षा दोन-तीन हजारांनी कमी आला तरी मी तिकडेच जाईन.

दुरुस्तीबद्दल वहिनींना काय वाटतं ते मला कळतं. त्या गाडीत लेक लहानाची मोठी झाली असेल. पण 48 हजार हा इंजिन उघडण्याआधीचा अंदाज आहे. पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग, कनेक्टर, सेन्सर आतून गंजत जातात. आज एक बदलाल, महिन्याने दुसरं निघेल. त्यावर थर्ड पार्टी विम्याचे 2,094 अधिक जीएसटी, नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे 745 अधिक जीएसटी आणि पीयूसी, असे सगळे मिळून साडेतीन-चार हजार. सगळं सुरळीत झालं आणि गाडी लाखाला गेली तर हातात 48 हजार उरतात. खर्च 70 वर गेला आणि गिऱ्हाइकाने 85 च दिले तर उरतात 11. गिऱ्हाईक भाव पाडणारच, कारण गाडी पुरातली आहे हे त्याला तुम्ही सांगायला हवं, आणि तुम्ही सांगालच. शिवाय 2027 च्या दसऱ्याला नोंदणीची 15 वर्षं पूर्ण होतात, मग नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर. फीला 22 हजार कमी असताना 48 हजार इंजिनात घालायला मी सांगू शकत नाही.

विकून आलेल्या पैशांवर कराची काळजी नको. घरच्या वापरातल्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

सुरुवात बोजापासून करा. तो उतरल्याशिवाय गाडी नावावरून जाणार नाही आणि मोडीतही निघणार नाही. सोमवारी बँकेत आरसी आणि कर्ज फिटल्याचं पत्र घेऊन जा, ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म 35 वर बँकेचा सही-शिक्का घ्या. ठेव त्याच बँकेत असेल तर ठेवतारणाचा अर्जही तिथेच देऊन या. जुने ई-चलन बाकी आहेत का तेही पाहून भरून टाका. गाडी जाईल त्या दिवशी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढा, ताबा दिल्याच्या पावतीवर तारीख आणि वेळ लिहून घ्या, आणि फास्टॅग बंद करायला विसरू नका.