‘जेवलास का?’ला नुसतं ‘हो’ म्हणू नका

तुम्ही लिहिलंय की आईला रोज रात्री फोन करता, पण ‘जेवलास का’, ‘हो’, ‘बरं, ठेवू?’ यापुढे गाडी सरकत नाही. बाबा तर फोन हातात आला की ‘थांब, आईला देतो’ म्हणतात. मीही बरीच वर्षं हेच केलंय, म्हणून सांगतो.

‘जेवलास का’ हा प्रश्न वाया घालवू नका. मी एकदा सहज म्हटलं, “जेवलो, पण आमटीत चिंच जास्त पडली.” झालं! थोडा गूळ घाल, इथून जी सुरुवात झाली ती आजीने आईच्या हातात पहिल्यांदा पळी कधी दिली इथपर्यंत गेली. वीस मिनिटं. आमटी आंबटच राहिली, ते सोडा.

बाबांचं वेगळं. ते एस.टी.त कंडक्टर होते. ‘कसं वाटतंय’ विचारलं की एकच उत्तर, ‘ठीक’. समोर बसवून ते बोलत नाहीत, हाताला काम लागतं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आम्ही दोघं मेथी निवडत होतो. मी विचारलं, तुमच्या त्या पत्र्याच्या पेटीत तिकिटं कशी लावायचात? त्यांनी वर्तमानपत्रावर मेथीच्या काड्या ओळीने मांडल्या. ही दहा पैशांची, ही पंचवीसची, ही रुपयाची. मग विषय मुक्कामी गाडीवर आला. रात्री गाडीतच झोपायचं, पेटी उशाला. एकदा हिशेबात अकरा रुपये कमी आले, तर बॅटरीच्या उजेडात पहाटेपर्यंत चिल्लर मोजत बसले होते. हे आईलाही माहीत नव्हतं. ती लाटणं हातात घेऊन दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसलो. बाबा परत ‘ठीक’वर.

आपलंही काहीबाही सांगत जा, साहेब चिडला, छत्री रिक्षात राहिली, असलं. नुसते प्रश्न विचारले की त्यांना उलटतपासणी वाटते. आणि आई गुडघा दुखतोय म्हणाली की लगेच ‘डॉक्टरकडे जा’ नको. जिना चढताना दुखतो की उतरताना, एवढं आधी विचारा. डॉक्टरचं नंतर येतंच.

हो, आणि मालिका चालू असताना फोन करू नका. आमच्याकडे साडेनऊनंतरच.