घटस्फोटाची केस चालू असताना पुरुषांच्या सपोर्ट ग्रुपला जावं का? फायदा होतो की डोकं आणखी फिरतं?

जरूर जा, पण ग्रुप पारखून जा. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात माझ्या तारखा चालू होत्या तेव्हा मी अशा दोन ग्रुपमध्ये जात होतो. एकाने मला सावरलं, दुसऱ्याने माझी झोप उडवली.

घरात हे दुखणं बोलायला जागाच नसते. आईसमोर विषय काढला की ती रडायला लागते, भाऊ ‘होईल रे नीट’ म्हणून उठतो आणि ऑफिसात तर कळूच द्यायचं नसतं. आमचा पहिला ग्रुप रविवारी सकाळी एका बागेत जमायचा. एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ म्हणाले, ‘आज पोरीचा वाढदिवस आहे. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय, लावायचा धीर होत नाही.’ कुणी सल्ला दिला नाही, कुणी तिच्या आईला नावं ठेवली नाहीत. शेजारी बसलेला म्हणाला, ‘लावा, आम्ही इथेच आहोत.’ त्यांनी तिथेच फोन लावला. पोरीने उचलला.

माहितीचाही मोठा आधार होतो. 498अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ केल्याचं कलम, म्हटलं की माणसाला वाटतं, आज रात्रीच पोलीस उचलून नेणार. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार खटल्यात सांगितलंय की अशा गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज नसेल तिथे चौकशीला हजर राहण्याची नोटीस द्यायची. हे कलम आता भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 म्हणून आलंय. त्यातून गेलेल्या माणसाने हे समजावून सांगितलं की छातीवरचं ओझं उतरतं.

आता दुसरा ग्रुप. तो मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. रात्री दोनलाही मेसेज, बायकांवर घाणेरडे फॉरवर्ड आणि ठाम आवाजात दिलेले घातकी सल्ले. ‘नोकरी सोड, पोटगी द्यावी लागत नाही’ हा त्यातला सगळ्यात वाईट. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि कोर्ट तुमची कमावण्याची कुवतही बघतं. नोकरी सोडून पोटगी टळत नाही, घर मात्र बुडतं. तिथे रागाच्या भरात लिहिलेला मेसेज स्क्रीनशॉट होऊन समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

त्याहून वाईट म्हणजे तिथे केस मिटावी असं कुणालाच वाटत नव्हतं. जो समेटाचं बोलेल तो बायल्या. मुलांना शेवटचं कधी भेटलात, हे एकानेही दुसऱ्याला विचारल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. तुमच्याकडून कधी हात उचलला गेला असेल, तर फक्त तुमची बाजू घेणारा ग्रुप तुमचं नुकसानच करेल. मुंबईची ‘मावा’ (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही संस्था 1993 पासून पुरुषांशी याच विषयावर बोलते आहे. मला तिचं काम फार मोलाचं वाटतं.

आणि ग्रुप म्हणजे डॉक्टर नव्हे. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत सव्वा लाखाच्या आसपास पुरुष होते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात डोकावला तर रविवारची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करा. दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

जायच्या आधी ग्रुप चालवणाऱ्याला फोन करून दोनच प्रश्न विचारा: इथे बोललेलं बाहेर जात नाही ना, आणि केस संपवून, सावरून ग्रुपमधून बाहेर पडलेल्या एखाद्याशी बोलता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरा ग्रुप शोधा.