पांझरेतल्या किड्यांना विचार

प्रिय पोरी,

तुझा आराखडा वाचला. डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जिवावरची डिटर्जंटची ४८ तासांची चाचणी, त्यातून आलेल्या अपायाच्या आकड्याला सुरक्षेसाठी हजाराने भागणं, आणि धुळ्याच्या पांझरेत डिटर्जंट त्याहून कमी निघालं की नदी सुरक्षित. इथे तू थांबली आहेस. माझ्या मते खरं काम इथूनच सुरू होतं. हजाराने भागणं हा सावध अंदाज आहे. तो नदीत टिकतो का, ते तपास.

ओहायोत एका साबण कंपनीने कृत्रिम ओढे बांधून असंच तपासलं. धुण्याच्या पावडरीतलं एलएएस, म्हणजे मळ काढणारं मुख्य रसायन, ५६ दिवस सोडून शेवाळ, जिवाणू, किडे सगळे पाहिले. २००२ साली छापलेल्या निष्कर्षानुसार लिटरला सुमारे ०.२७ मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही. पण तो आकडा बारा कार्बनची साखळी असलेल्या एलएएसचा. साखळी लांबली की विष वाढतं, आणि आपली मिथिलीन ब्लू ही डिटर्जंट मोजायची रंगाची चाचणी लांब-आखूड सगळं एकाच मापात मोजते. पिण्याच्या पाण्याची लिटरला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादाही इथे लावू नकोस, ती माणसांसाठी आहे.

धुळ्याच्या वर आणि खाली नमुने घेऊन फरक दाखवणं सोपं आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. शहराखाली सांडपाणी येतं, ऑक्सिजन घटतो, अमोनिया वाढतो. किडे कशाने मेले, कसं सांगशील? म्हणून काठावर पन्हळी, म्हणजे छोटे कृत्रिम ओढे, मांड. पाणी शहराच्या वरचं घे, दगडही तिथलेच, शेवाळासकट. काही पन्हळींत एलएएस सोड, काही तशाच ठेव. रसायन किती टाकलं ते लिहून भागणार नाही, रोज पाण्यात किती उरलं ते मोज. दगडावरचे जिवाणू ते खातात, आणि सरावले की आणखी झपाट्याने खातात.

दगड हलक्या हाताने उलटा कर. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याचं पिल्लू दिसेल: चपटं, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले सारखे फडफडताहेत. डिटर्जंट आधी अशा नाजूक कल्ल्यांना झोंबतं. ते मेलं नाही तरी दगड सोडून प्रवाहात वाहून जातं, म्हणून पन्हळीच्या खालच्या तोंडाशी जाळी बांध आणि रात्रीही तपास. बाटलीतल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

अक्कलपाडा धरणाचं आवर्तन सुटलं की रसायन विरळ होतं, बंद झालं की डोह उरतात. दोन्ही वेळा मोज. किड्याची नेमकी जात ओळखता आली नाही तर कुळापर्यंतची ओळख पुरे. दिवाळीनंतर प्रवाह स्थिरावला की पन्हळी मांडायला घे, मी येतो.

तुझे सर