वस्ती वाढली, कोंडी वाढली, अपघातही वाढले: आधी काय मागावं, रुंदीकरण, सिग्नल की स्पीड ब्रेकर?

तुम्ही लिहिलंय की शहराच्या कडेची तुमची वस्ती काही वर्षांत दुप्पट झाली. मधून जाणारा मुख्य रस्ता सकाळ-संध्याकाळ तुंबतो आणि एरवी मोकळा मिळाला की त्याच रस्त्यावर गाड्या सुसाट सुटतात. रहिवाशांच्या बैठकीत तीन मागण्या निघाल्या: रस्ता रुंद करा, प्रत्येक चौकात सिग्नल बसवा, गल्लोगल्ली स्पीड ब्रेकर टाका. यातलं आधी काय मागावं, हा तुमचा प्रश्न. रस्ते आणि चौकांची आखणी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रुंदीकरण यादीतून खोडा. बाकीच्या दोन मागण्या ठेवा, पण कुठे आणि कशा, ते बदला. आणि जी मागणी तुमच्या यादीत नाहीच ती सगळ्यात वर लिहा: शेजारशेजारच्या वसाहती आतून एकमेकींना जोडा.

उपनगर वाढतं ते तुकड्यातुकड्यांनी. एका जमिनीवर गृहसंकुल उभं राहतं, त्याला कुंपण पडतं, एक फाटक बसतं आणि ते मुख्य रस्त्यावर उघडतं. शेजारच्या जमिनीवर दुसरं संकुल, त्याचीही तीच कथा. दोन इमारतींच्या गच्च्यांवरून माणसं एकमेकांना हाक मारू शकतील इतक्या त्या जवळ, पण इकडून तिकडे जायचं तर फाटकाबाहेर पडा, मुख्य रस्ता धरा, पुढे जाऊन यू-टर्न घ्या आणि परत या. औषध आणायचं, मुलाला शिकवणीला सोडायचं, असली पायी पाच मिनिटांची कामं गाडीची होऊन बसतात. मुख्य रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशा लांब कुठे निघालेल्याच नसतात. शिवाय प्रत्येक नवं फाटक म्हणजे भरधाव वाहतुकीत अचानक थांबणाऱ्या, वळणाऱ्या गाड्यांची आणखी एक जागा. कोंडी आणि अपघात ही दोन दुखणी वेगळी वाटतात, पण उपनगरात त्यांचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं: एकाच रस्त्याला लांबची वाहतूकही वाहून न्यायची असते आणि दारोदारचं येणंजाणंही सांभाळायचं असतं.

नेदरलँड्समधले रस्ता-अभियंते १९९० च्या दशकापासून या मिसळीलाच मुख्य दोष मानतात. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक रस्त्याला आधी काम नेमून दिलं जातं. तो वाहतूक पुढे नेणारा आहे, वाटून देणारा आहे की दारापर्यंत पोचवणारा, हे ठरतं आणि मग त्याची रुंदी, वेग, वळणं त्या कामाला साजेशी ठेवली जातात. तिथल्या उत्रेख्त शहराजवळचं हाउटन हे गाव १९७० च्या दशकापासून आखून वाढवलं गेलं. गावाभोवती वळणरस्ता आहे. मोटारीने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर आधी वळणरस्त्यावर यावं लागतं. पायी किंवा सायकलने मात्र सरळ मधून जाता येतं. गाव छोट्या खेड्याचं सुमारे ५० हजार वस्तीचं झालं, तरी आतल्या गल्ल्या शांत राहिल्या.

ते कोऱ्या कागदावर आखलं गेलं होतं, तुम्हाला ती सोय नाही. पण कुंपणात दोन मीटरची वाट काढून मध्ये खांब रोवायला कुणाची हरकत नसावी. म्हणजे माणूस, सायकल, चाकाची खुर्ची जाईल आणि मोटार जाणार नाही. हरकत अर्थात येईलच, आणि सगळ्यात जास्त इथेच येईल. ‘बाहेरचे लोक आत येतील’ असं कुणीतरी म्हणेल. रात्री कुलूप लागणारं छोटं फाटक चालेल का, असं विचारून बघा. माझ्या अनुभवात निम्मा विरोध तिथेच विरघळतो.

आता रुंदीकरण. रस्त्यावरून किती गाड्या जातील हे चौक ठरवतो, मधला सरळ पट्टा नाही. हिरवा दिवा अखंड चालू राहिला तर एका मार्गिकेतून तासाला साधारण १,८०० मोटारी सुटतात, म्हणजे दर दोन सेकंदांना एक. हिरवा दिवा निम्माच वेळ असेल तर ९००. दोन चौकांमधला रस्ता तुम्ही कितीही रुंद करा, चौकातून तेवढ्याच गाड्या सुटणार असतील तर ते नरसाळ्याची नळी तशीच ठेवून तोंड मोठं करण्यासारखं आहे. बरं, चौकही रुंद केले, तरी सुख टिकत नाही. मोकळा झालेला रस्ता पाहून आधी टाळलेल्या फेऱ्या लोक करू लागतात, वेळ बदलून जाणारे पुन्हा गर्दीच्या वेळी निघतात, आणखी लांब घरं बांधली जातात. अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी तपासून जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की महामार्गाची लांबी-रुंदी जितक्या टक्क्यांनी वाढते, गाड्यांचं एकूण धावणंही जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाढतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करून काही ठिकाणी, बाजूचे जोडरस्ते धरून, २६ मार्गिकांचा केला. २०११ ते २०१४ या काळात तिथला संध्याकाळचा प्रवासवेळ ५० टक्क्यांहून अधिक वाढला.

रुंद रस्त्याचा आणखी एक तोटा बैठकीत कुणी बोलत नाही. माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो. सात मीटरचा रस्ता ओलांडायला त्याला सहा सेकंद लागतात, चौदा मीटरचा बारा. म्हातारं माणूस असेल तर पंधरा-सोळा. हे जास्तीचे सेकंद सिग्नलमध्ये गाड्यांच्या वेळेतूनच काढावे लागतात. ते काढले नाहीत तर माणूस रस्त्याच्या मधोमध अडकतो.

उलट, दुभाजक नसलेला चार मार्गिकांचा रस्ता असेल तर तो अरुंद करूनही फायदा होतो. दोन्ही बाजूंना एकेक मार्गिका ठेवायची आणि मधली फक्त वळणाऱ्यांसाठी राखायची. वळणारी गाडी मग वेगवान मार्गिकेत उभी राहत नाही, मागची तिच्यावर आदळत नाही आणि पादचाऱ्याला एकावेळी एकाच रांगेकडे बघावं लागतं. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या नोंदींनुसार अशा बदलाने अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटले. दिवसाला साधारण २० हजार वाहनांपर्यंत हे निभतं. त्यापलीकडे जपून.

वेगाबद्दल मात्र थोडं थांबून बोलू, कारण इथे आकडे डोळ्यांसमोर आणले की वाद संपतो. समजा, एक मूल धावत रस्त्यावर आलं. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागतो असं धरू. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने चाललेली मोटार या सेकंदात ८ मीटर पुढे जाते आणि आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० ने चाललेली मोटार त्याच एका सेकंदात १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून दाबलाही गेलेला नसतो. मूल तेरा मीटरवर असेल तर पहिली त्याच्यापुढे थांबेल, दुसरी पूर्ण ५० च्या वेगाने आदळेल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की सरासरी वेग एका टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

‘पण मग उशीर होईल!’ एक किलोमीटर ५० ने ७२ सेकंदांत कापला जातो, ३० ने १२० सेकंदांत. फरक ४८ सेकंदांचा, तोही मध्ये काहीच आडवं आलं नाही तर. वस्तीतल्या प्रवासाचा खरा वेळ चौकात उभं राहण्यात जातो. भरधाव जाऊन पुढच्या रांगेच्या शेपटाला लवकर पोचण्याने काहीच वाचत नाही.

फलक लावून वेग उतरत नाही. चालक रस्ता बघून वेग ठरवतो. सरळ, रुंद, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, आणि त्यात मी त्याला फारसा दोषही देत नाही. मार्गिका साडेतीन मीटरऐवजी तीन मीटरची ठेवली, चौकातला गोलसर कोपरा कमी करून वळण काटकोनी केलं, मध्ये पादचाऱ्याला थांबायला छोटं बेट दिलं, की तोच चालक हळू होतो.

स्पीड ब्रेकर आतल्या गल्ल्यांमध्ये जरूर मागा, पण कुठला ते नेमकं लिहून द्या. नाहीतर कुणीतरी डांबराचा अरुंद, उभट वरवंटा टाकून जाईल. त्यावर दुचाकीवाला पडतो, कण्याचं दुखणं असलेला माणूस कळवळतो, आणि चांगल्या सस्पेन्शनची मोटार वेगात गेली तर तिला तो धक्का उलट कमी जाणवतो. ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात जे प्रयोग झाले त्यांतून निघालेला उंचवटा सुमारे ३.७ मीटर लांब आणि साडेसात ते दहा सेंटिमीटर उंच असतो. हळू जाणाऱ्याला तो जाणवत नाही, वेगवानाला बरोबर जाणवतो. एकटादुकटा टाकून उपयोग नाही. ८० ते १०० मीटरवर पुढचा हवा, नाहीतर दोघांच्या मध्ये गाड्या पुन्हा वेग घेतात. बस आणि रुग्णवाहिकेच्या मार्गावर उंचवट्यांची माळ नको. तिथे झेब्रा क्रॉसिंगच पदपथाच्या उंचीला उचलून सपाट चौथऱ्यासारखं करावं आणि त्याचा चढ सौम्य ठेवावा. पादचारी खाली उतरत नाही, गाडी वर चढते. हक्क कुणाचा हे चालकाला चाकातून कळतं.

सिग्नलऐवजी जिथे जागा असेल तिथे लहान गोल चौक मागा. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात. एकमार्गिकेच्या गोलात फक्त ८ ठिकाणी, आणि तेही तिरपे आणि कमी वेगाने. समोरासमोर किंवा थेट कुशीत धडक बसायला वावच उरत नाही. अमेरिकेत चौकांचे गोल केल्यावर जखमी करणारे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी झाल्याचं आढळलं. तिथलं इंडियानापोलिसचं उपनगर कार्मेल तुमच्यासारखंच फुगलं. १९९० मध्ये तिथे २५ हजारांच्या आसपास लोक होते, २०२० मध्ये जवळजवळ एक लाख. महापौर जिम ब्रेनार्ड यांनी आपल्या २८ वर्षांच्या कारकिर्दीत सिग्नल काढून गोल बसवण्याचा सपाटा लावला, आणि आता तिथे दीडशेहून अधिक गोल आहेत. गाड्या हळू चालतात, पण थांबत नाहीत.

गोलाची अट एकच: आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ब्रिटनने हा नियम १९६६ मध्ये सक्तीचा केला, तेव्हा कुठे गोल चालू लागले. त्याआधी आत घुसणारेच आतल्यांना अडवून ठेवत. मध्ये कारंजं उभारून भोवती सरळसोट रस्ते सोडले तर त्याला मी गोल म्हणणार नाही. गाडीला वळण घ्यावंच लागलं पाहिजे. दोन-तीन मार्गिकांचे प्रचंड गोल पादचारी आणि सायकलवाल्यांना वाईट, तिथे सिग्नलच बरा. सिग्नल लागला तर त्याचं चक्र, म्हणजे सगळ्या दिशांचे दिवे एकदा फिरून यायला लागणारा वेळ, छोटं ठेवायला सांगा, आणि पादचाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या तीन ते सात सेकंद आधी हिरवा होऊ द्या. माणूस रस्त्याच्या मध्ये दिसू लागतो, मग वळणारी गाडी थांबते.

एक स्वस्त काम विसरू नका: कोपऱ्यावरच्या गाड्या हटवा. क्रॉसिंगच्या आधी पाच-सहा मीटर कुणी गाडी उभी केली नाही तर चालकाला मूल दिसतं आणि मुलाला गाडी. नुसता रंग पुरत नाही, तिथे सायकल लावायचे दांडे किंवा झाडांच्या कुंड्या ठेवा म्हणजे जागा पुन्हा बळकावली जात नाही. न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेन या दाट शहराने कोपरे असे मोकळे केले, वेगमर्यादा उतरवली, आणि जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षं तिथे रस्ता अपघातात एकही मृत्यू झाला नाही. शाळेसमोरच्या सकाळच्या गोंधळावरही असाच साधा उपाय आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या अर्ध्या तासापुरता तो तुकडा मोटारींना बंद ठेवायचा. इटलीतल्या बोल्झानोने १९८० च्या दशकाच्या अखेरीस याची सुरुवात केली, आता बऱ्याच देशांत ते चालतं.

हे सगळं मागायला जाताना हातात मोजणी असू द्या, कारण ‘फार जोरात जातात हो’ ही तक्रार अधिकारी रोज ऐकतात. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, ३.६ सेकंद लागले तर ५०. पुढे काही अडथळा नसलेल्या अशा शंभर गाड्या मोजा, संथ ते वेगवान अशा क्रमाने लावा आणि पंचाऐंशीव्या गाडीचा वेग अर्जात लिहा. अभियंते नेमका हाच आकडा वापरतात. त्याबरोबर थोडक्यात हुकलेल्या धडकांची नोंद ठेवा: करकचून ब्रेक, दचकून मागे फिरलेला पादचारी. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात यावर पूर्ण पद्धतच बसवलेली आहे, म्हणजे कुणी दगावण्याची वाट बघावी लागत नाही. मोजणी मात्र रस्ता मोकळा असताना, दुपारी करा. सकाळी नऊला मोजलीत तर सगळेच कायदा पाळताना दिसतील.