प्रश्न तुमचे : दोन स्प्रिंटच्या मध्ये किती थांबायचं?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, नेरूळला इनलाइन हॉकी (चाकांच्या स्केट्सवरची) खेळतो, जानेवारीत आइस हॉकीच्या कॅम्पला लेहला जायचंय. क्लासमध्ये सर या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ स्प्रिंट मारायला लावतात, मध्ये गॅप फक्त १५ सेकंद. पाचव्या-सहाव्या स्प्रिंटनंतर त्याचे पाय भरून येतात, सर म्हणतात स्टॅमिना नाही. गंमत म्हणजे धाकटी १० वर्षांची, तिथेच जाते, ती शेवटपर्यंत ताजी! नेमका किती गॅप हवा? (एक आई, नेरूळ)

उत्तर : ताई, आधी एक करा. रिंकच्या कठड्याला टेकून मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि प्रत्येक स्प्रिंटचा टाइम लिहून ठेवा. पहिली ६ सेकंदांत झाली आणि सातवी साडेसातला गेली, तर तिथून पुढे पोरगा स्प्रिंट मारतच नाहीये, नुसता अंग ओढतोय, आणि शरीर शिकतंय काय तर हळू पळायला.

आता कारण. इतक्या छोट्या, जोरदार स्प्रिंटला स्नायू मुख्यतः आत तयार असलेलं क्रिएटिन फॉस्फेट नावाचं झटपट इंधन वापरतात. सोसायटीची गच्चीवरची टाकी समजा, सगळे नळ एकदम सोडले की भराभर खाली. परत साधारण निम्मी भरायला अर्धं मिनिट लागतं, काठोकाठ यायला ३ ते ५ मिनिटं, आणि ती भरणारा पंप चालतो ऑक्सिजनवर. १५ सेकंदांत काय भरणार? धाकटीचं म्हणाल तर तिच्या नळाची धारच बारीक आहे, लहान मुलं तेवढा जोर लावतच नाहीत म्हणून लवकर सावरतात. दादाला तिच्यावरून टोमणे मारू नका, प्लीज.

म्हणून वेग वाढवायचा असेल तर ६ सेकंदांच्या स्प्रिंटनंतर निदान एक-दीड मिनिट, आणि अशा ६-८ बास. टाइम घसरायला लागला की त्या दिवशी बंद. मॅचसारखी सवय हवी असेल तर हिशोब वेगळा, आइस हॉकीत एक शिफ्ट, म्हणजे एका वेळी बर्फावर उतरायची पाळी, साधारण ४०-५० सेकंदांची असते (तीही सगळी फुल स्पीड नाही, मध्ये ग्लाइड, म्हणजे नुसतं घसरत जाणं, असतंच) आणि मग बाकावर दीड-दोन मिनिटं, कधी जास्त, तेव्हा सरावातही तसंच ठेवायचं. सरांचा १५ सेकंदांवाला प्रकार अगदी फुकट नाही हं, दम काढायची सवय लागते, पण आठवड्यातून एकदा, शेवटी. त्याला स्पीडचा सराव म्हणू नये एवढंच. आणि मनगटावरच्या घड्याळात ठोके खाली आले म्हणजे टाकी भरली असं नसतं, हल्ली सगळे त्यावरच चालतात.

पंप मोठा करायचा उपाय कंटाळवाणा आहे. ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर आठवड्यातून दोन-तीनदा ३०-४० मिनिटं बोलता येईल इतकं हळू जॉगिंग. पाणी सोबत हवंच, आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि हेल्मेट-पॅडच्या आत अंग तापतं.

लेहचं मात्र मनावर घ्या. ते साधारण ३,५०० मीटरवर, तिथे श्वासाला इथल्या दोन तृतीयांश एवढाच ऑक्सिजन, म्हणजे पंपाला व्होल्टेजच कमी. तोच स्प्रिंट, पण गॅप जास्त लागणार. २०२५ मध्ये आशिया कपचं ब्रॉन्झ आणलेल्या आपल्या महिला आइस हॉकी टीममधल्या बऱ्याचजणी त्याच हवेत वाढलेल्या, त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बरोबरी करायला जायचं नाही. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम, डोकं दुखलं, उलटी झाली तर डॉक्टर, तिथे 'स्टॅमिना नाही' चालत नाही.

सरांना कसं सांगायचं? रिंक तासावर भाड्याने मिळते, वेळ वाया जातो म्हणूनच ते गॅप कापत असणार. त्यांना म्हणा दहा पोरांची रांग लावा, एकेकाने सुटायचं, आपली पाळी परत येईपर्यंत मिनिट आपोआप होतं. धाकटी रांगेत कंटाळेल, तिच्या हातात स्टिक आणि पक (हॉकीची चकती) द्या.