कापणीचं चित्र काढताना

रविवारी मासुंदा तलावाकाठी दाखवलेलं तुझं भातकापणीचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. रंग छान जमलेत, पण त्या बायका कापत नाहीयेत, नुसत्या वाकल्यात. डाव्या मुठीत भात घट्ट धरायचं आणि विळा बुडाशी घालून अंगाकडे ओढायचा, अशी असते कापणी. तुझ्या चित्रात डावा हात रिकामाच! आधी तो भर.

फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्राँस्वा मिलेचं १८५७ चं, सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या लोंब्या वेचणाऱ्या तिघींचं चित्र निवांत बघ. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट. गंज्या, गाडी, घोड्यावरचा मुकादम, सगळं लांब आणि बारीक. पीक तिकडे, यांच्या हाती चार लोंब्या. चेहरे धड दिसत नाहीत, तरी पाठीची कळ आपल्याला जाणवते. मला हे चित्र अजून पुरतं उलगडलेलं नाही.

आणि फोटोवरून काढू नकोस, बाळा. दसऱ्यानंतर ठाण्याहून सकाळची आसनगाव लोकल पकड, शहापूरकडची खाचरं तेव्हा पिवळी झालेली असतात. शेतवाल्यांना विचारून बांधावर बस. कोळशाने फक्त पाठी काढ, वीस-पंचवीस तरी. मग डोक्यावर भारा आला की मान कशी ताठ होते, ते. रंगाची पेटी घरीच ठेव.