घड्याळाचा आकडा पाकिटात

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतच्या फाइल्स परवा मिळाल्या. 22 सहभागी, दोन गट, पी-व्हॅल्यू 0.04, आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. उद्गारचिन्हांबद्दल माझी तक्रार नाही, तुझ्या वयात ती नसतील तर कधी असणार? 0.04 बद्दल मात्र बोलायचंय, म्हणजे प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार; 0.05 च्या खाली गेलं की निकाल दखलपात्र धरायची प्रथा आहे.

आधी व्हिडिओ. सगळे पाहिले, रोबोट कप पुढे करतो तो भाग तर दोन-दोनदा. कल्पना चांगली आहे. वस्तू देण्याआधी रोबोटने मान वळवून माणसाकडे पाहिलं, तर माणूस निर्धास्तपणे हात पुढे करेल, हे मला पटतं. मी अडलो ते सतराव्या क्रमांकाच्या बाईंपाशी. रोबोटने मान वळवली, हात पुढे केला, आणि बाई त्याच्याकडे पाहतच नाहीत. त्यांची नजर डावीकडच्या पडद्याच्या फटीवर आहे. फटीतून तुझं कोपर दिसतंय. पडद्याआडून रोबोट चालवण्यात गैर काही नाही, या विषयातले कितीतरी प्रयोग असेच होतात. पण बाहुली कळसूत्री आहे आणि सूत्र कोणाच्या हातात आहे, हे त्या बाईंनी ओळखलं. मग प्रश्नावलीत विश्वासापुढे त्यांनी सातपैकी सहा गुण दिले. ते रोबोटला दिले की तुला?

आता स्प्रेडशीट. तिच्यात तीन मोजमापं आहेत: विश्वासाची प्रश्नावली, वस्तू घ्यायला लागलेला वेळ आणि माणूस रोबोटपासून किती अंतरावर उभा राहिला ते. लेखाच्या मसुद्यात फक्त पहिलं उरलंय. आले होते 24 जण, त्यातले दोघे 'सूचना पाळल्या नाहीत' म्हणून गळलेत. त्यांना वगळायचं कधी ठरलं, आकडे बघण्याआधी की बघितल्यावर? मला उत्तर कळवू नकोस, पण स्वतःला विचार. रोबोटच्या बघण्याने काडीचाही फरक पडत नाही असं समजू. तरी तीन स्वतंत्र मोजमापांपैकी एखादं तरी 0.05 च्या खाली जाण्याची शक्यता 14 टक्के निघते. कोणाला ठेवायचं आणि कोणाला गाळायचं याची मोकळीक घेतली, की ती आणखी वाढते. यात लबाडी कुठेच नसते. प्रत्येक निर्णय त्या-त्या वेळी शहाणपणाचाच वाटतो, पंचाईत तीच आहे.

भौतिकशास्त्र सोडून या विषयात उडी घेतलीस, पण तिकडची एक गोष्ट सोबत आणायला हवी होती. अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेचा म्युऑनचा प्रयोग आठवतो ना? म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे 207 पट जड भाऊबंद. चुंबकीय क्षेत्रात त्याचा स्पिन, म्हणजे अंगचं फिरणं, भोवऱ्याच्या आसासारखा डोलतो, आणि तो किती वेगाने डोलतो ते अतिशय बारकाईने मोजायचं होतं. वेग मोजायचा तर घड्याळ हवं. त्या घड्याळाची वारंवारता प्रयोगाबाहेरच्या दोघांनी किंचित सरकवून ठेवली आणि खरा आकडा पाकिटात बंद केला. वर्षानुवर्षं विश्लेषण करणाऱ्या लोकांना आपलं उत्तर सिद्धांताशी जुळतंय की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. त्यामुळे ते फक्त चुका शोधू शकत होते. 2021 च्या फेब्रुवारीत, आता विश्लेषणाला हात लावायचा नाही असं सर्वांनी मिळून ठरवल्यावर, पाकीट उघडलं. ब्रुकहेवन प्रयोगशाळेतला याच प्रयोगाचा जुना निकाल जमेला धरून, सिद्धांताच्या तेव्हाच्या अंदाजाशी तफावत निघाली 4.2 सिग्मा. सिग्मा हे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचं माप, आकडा जितका मोठा तितकं ते निव्वळ योगायोगाने घडणं अवघड.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. जून 2025 मध्ये अंतिम निकाल आला, एक अब्जात 127 भाग इतक्या अचूकतेचा. मधल्या काळात सिद्धांताकडचा अंदाज नव्या गणनांमुळे सरकला आणि ती गाजलेली तफावत जवळपास विरून गेली. नवं भौतिकशास्त्र सापडलं नाही म्हणून पुष्कळांचा हिरमोड झाला, पण मोजमाप जागचं हललं नाही. पाकीट नसतं, तर 'सिद्धांताशी जुळवून घेतलं' किंवा 'मुद्दाम फारकत दाखवली' असा आरोप करायला कोणीही मोकळं होतं.

उलट बाजूही सांगतो. डिसेंबर 2015 मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना 750 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपाशी फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या जरा जास्त दिसल्या. नवा कण असेल या आशेने काही महिन्यांत शेकडो सैद्धांतिक लेख पडले. अ‍ॅटलासचा आलेखातला उंचवटा त्या जागेपुरता पाहिला तर साडेतीन सिग्माच्या वर होता. पण तसा उंचवटा दुसरीकडे कुठेही दिसू शकला असता, हे हिशेबात धरलं की दोनच्या आसपास उरत होता. ऑगस्ट 2016 मध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा सपाट झाला. शोध जाहीर करायला तिथे पाच सिग्मा मागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता 35 लाखांत एक. तुझं 0.04 म्हणजे दोन सिग्मा आणि वर चिमूटभर.

माणसांवरच्या प्रयोगात पाच सिग्मा मागणं वेडेपणाचं आहे, हे मलाही समजतं. म्युऑन कंटाळत नाहीत, पडद्याच्या फटीतून बघत नाहीत आणि तुला बरं वाटावं म्हणून सातपैकी सहा गुणही देत नाहीत. म्हणूनच तुझ्याकडे पाकीट जास्त हवं.

पाकीट नसलं की काय होतं, हे मी स्वतःवरून सांगतो. विद्यार्थी असताना वैश्विक किरणांतल्या म्युऑनचं सरासरी आयुष्य मोजत होतो. उत्तर पुस्तकात छापलेलं, 2.2 मायक्रोसेकंद. माझं आलं 2.6. दोन आठवडे मी चुका शोधत राहिलो. पार्श्वभूमीच्या नोंदी वजा करायच्या राहिल्या होत्या, त्या केल्या. सुरुवातीच्या काही नोंदी संशयास्पद वाटल्या, त्या काढल्या. 2.2 आलं, आणि मी वही मिटून चहाला गेलो. पुढच्या वर्षीच्या मुलाने तेच उपकरण तपासलं तर वेळेची पट्टीच सहा टक्के चुकलेली निघाली. माझ्या दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. उत्तर जुळत नव्हतं तोवर मी कसून शोधत होतो, जुळल्यावर एक दिवसही शोधलं नाही. त्या मुलाने मला टोमणा मारला नाही, याचंच जास्त लागलं.

तुझ्या प्रयोगाला पाकीट कसं लावायचं? पुढच्या फेरीआधी एक पान लिही: मुख्य मोजमाप कुठलं, किती माणसं, कोणाला कुठल्या कारणाने वगळणार. तारीख घालून ते नोंदणीच्या संकेतस्थळावर बंद करून ठेव. एवढं बहुतेक जण करतात. त्यापुढचं फारसं कोणी करत नाही: व्हिडिओवरून वेळ मोजणाऱ्याला रोबोटने मान वळवली की नाही, हे दिसता कामा नये. मी एकदा मॉनिटरच्या वरच्या भागावर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली होती, रोबोटचं डोकं बरोबर तिच्यामागे जायचं. दिसायचे फक्त दोन हात आणि एक डबा. हास्यास्पद दिसतं, पण काम देतं. फाइल्सची नावं दुसऱ्या कोणाला बदलायला सांग आणि नावांची यादी त्याच्याकडेच राहू दे.

मुख्य मोजमाप म्हणून वेळ घे, प्रश्नावली नको. हे माझं मत आहे, वाद घालायचा असेल तर घाल. 2016 मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी धुराने भरलेल्या इमारतीत लोकांना वाट दाखवायला रोबोट ठेवला. सर्व 26 जण त्याच्यामागे गेले, आणि त्यातल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वीच त्याच रोबोटला वाट दाखवताना चुकताना पाहिलं होतं. नुसती प्रश्नावली भरून घेतली असती तर हे कळलं असतं का? पाय काय करतात ते बघावं.

आणि आकडा सांगताना त्याचा पल्लाही सांग. 2018 चा नाओ या छोट्या माणसासारख्या रोबोटचा जर्मन प्रयोग तू उद्धृत केलायस, 'मला बंद करू नका' म्हणणारा. विनवणी ऐकलेल्या 43 पैकी 13 जणांनी त्याला बंद केलं नाही. तू लिहिलंस '30 टक्के'. एवढ्या माणसांवरून खरं प्रमाण 19 ते 45 टक्क्यांत कुठेही असू शकतं. मसुद्यात तसंच लिही.

आत्ताचे 24 जण फुकट गेले असं समजू नकोस. ती चाचणी फेरी होती असं लिहून टाक, तिन्ही मोजमापं छाप आणि गाळलेले दोघेही परत घे. पुढच्या फेरीआधी पडद्याला दोन टाके घाल. सतराव्या बाईंचा व्हिडिओ मात्र पुसू नकोस, मला तो पुन्हा एकदा पाहायचाय.

तुझा,
सर